टिकाव, दांडा आणि डोंगरावरची माणसं : अंबाजोगाईच्या लोहारमामांच्या दुकानाबद्दल

अंबाजोगाईत टिकाव, कुदळ, पहार, खुरपं, विळा यातलं काही नवं करून घ्यायचं असेल किंवा जुन्याला टोक काढायचं असेल, तर जुन्या गावातल्या लोहारमामांकडे जा, हे माझं मत आधीच सांगून टाकते. दुकानाला पाटी नाही. बोळाच्या तोंडाशी कडुनिंब आहे, त्याच्या पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये भट्टी. सकाळी आठनंतर घणाचा आवाज सुरू होतो, त्या आवाजाच्या अंगानं चालत राहिलं की माणूस बरोबर पोचतो. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

लोहाराच्या एका दुकानाबद्दल एवढं सविस्तर लिहायला कारण आहे. मी एसटीत कंडक्टर आहे. आठ वर्षं झाली, आमचा पंधरा-वीस जणांचा गट गावाबाहेरच्या एका गायरान डोंगरावर चर खणतो, झाडं लावतो, ती जगवतो. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, बँकेत खातं नाही. हत्यारं हीच आमची सगळी मालमत्ता. लातूरहून, परळीहून, केजहून लोक विचारतात, "तुमची माणसं टिकतात कशी? आमच्याकडे जूनमध्ये शंभर येतात आणि दसऱ्याला पाच उरतात." मी दरवेळी फोनवर अर्धं सांगते, अर्धं राहून जातं. कारण माझं उत्तर या दुकानापासून सुरू होतं, आणि दुकान पाहिल्याशिवाय ते कुणाला पटत नाही.

आधी थोडं मागचं. 2016 च्या उन्हाळ्यात मी अंबाजोगाई-लातूर गाडीवर होते. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. गाडीत चढणाऱ्या बाया लातूरच्या लेकीसाठी पाण्याचे कॅन घेऊन यायच्या आणि लगेजचं तिकीट लागंल का, म्हणून माझ्या तोंडाकडे बघायच्या. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. त्या आठवड्यात गाडीत दुसरा विषयच नव्हता. त्याच उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, गावांनी श्रमदानातून पाणी अडवायची. पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके होते, वरूड, कोरेगाव आणि आमचं अंबाजोगाई. विकली ऑफला मी माहेरच्या गावी जाऊन टिकाव धरला. तोवर आयुष्यात कधी धरला नव्हता. पंचेचाळीस दिवसांची स्पर्धा होती. पहाटे निघालेली ती माणसांची रांग, हलगी, पाट्यांची साखळी, हे ज्यानं पाहिलं तो विसरणार नाही.

पण स्पर्धा संपते. गावांमध्ये ज्यांच्या विहिरीला पाणी वाढलं त्यांनी काम पुढं रेटलं, ते बरोबरच आहे. नंतर आम्ही काही जण जालन्याजवळचं कडवंची बघून आलो. तिथं 1990 च्या दशकात पाणलोटाचं काम झालं, विजयअण्णा बोराडे आणि कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, आणि आज तिथं द्राक्षबागा आहेत. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, सगळं लोकांनी पाळलं. तिथल्या एका शेतकऱ्यानं शेततळं दाखवलं तेव्हा माझ्या मनात आलं की यांच्या श्रमाचं पाणी यांच्या रानात उतरतं. आमचं काय? आम्ही गावात भाड्यानं राहणारी माणसं. नर्स, मास्तर, मेडिकलवर काम करणारी पोरं, मी. आमचा डोंगर गायरान आहे, आमच्यापैकी एकाचीही विहीर त्याच्या खाली नाही. मग रविवारी पहाटे साडेपाचला उठून तिथं का जायचं? एक-दोन वेळा कुणीही जाईल. आठ वर्षं का जायचं?

2017 च्या जानेवारीत पहिल्या रविवारी आम्ही चाळीसेक जण जमलो. वर्गणी काढून बारा टिकाव, दहा फावडी, चार कुदळी आणि वीस घमेली तयार हत्यारांच्या एका दुकानातून आणली होती. स्वस्तात मिळाली याचा आनंद होता. तीन रविवारांत सगळ्या टिकावांची टोकं बोथट होऊन वर वळली. आमच्या डोंगरावर वर वीतभर मुरूम आहे, खाली काळा पाषाण. बोथट टिकाव पाषाणावर आपटला की झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. दोन तास असं आपटून चार बोटंसुद्धा खड्डा होत नाही. पाचव्या की सहाव्या रविवारी कुदळीचं पातं दांड्यातून निसटलं आणि मेडिकलवरच्या एका पोराच्या नडगीवर बसलं. सात टाके पडले. तो परत आला नाही. त्याच्यासोबत येणारे चौघंही आले नाहीत. त्यांच्यावर माझा आजही राग नाही. फुकट घाम गाळायला आलेल्या माणसाच्या हातात आपण काय दिलं, हा प्रश्न आमचा होता.

मी नऊ टिकाव पोत्यात घालून स्कुटीवर टाकले आणि विचारत विचारत या दुकानात आले.

मामांनी टिकाव एका ओळीत मांडले. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "कुठं खणूलालाव ताई?"

मी डोंगर सांगितला.

"जमीन कशी हाय? मुरूम का पाषाण?"

मी म्हणाले, कडक आहे एवढं कळतं.

"मूठभर आणून दावा."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीच्या बॅगेतून कागदात बांधून नेली. त्यांनी तळहातावर चोळली, त्यातला एक खडा निवडून ऐरणीवर ठेवला आणि हातोडीनं हळूच टिचवला. मग सांगितलं की टोक लई कडक केलं तर ह्या पाषाणावर मोडंल, मऊ ठेवलं तर वाकंल. आणि आमचे टिकाव परत माझ्याकडे सरकवले. "हे लोखंड न्हाई, पत्रा हाय. ह्याला टोक काढून तुमचं पैसं घेनार न्हाई मी."

मामा नवी हत्यारं करतात ती ट्रकच्या कमानीच्या पाट्याची. पाटा भट्टीत लाल होतो, मामी समोरून घण घालतात, मामा सांडशीनं फिरवत हातोडीनं जागा दाखवतात. मामा हातोडी जिथं ठेवतील तिथंच घण पडतो, एक इंच इकडे नाही, तिकडे नाही, आणि दोघं एक शब्द बोलत नाहीत. पण मला सगळ्यात आवडतं ते पाणी देणं. घडलेलं टोक पुन्हा तापवून नुसतं दोन बोटं पाण्यात बुडवतात आणि लगेच काढतात. विटेच्या तुकड्यानं घासून चकचकीत करतात आणि उजेडाकडे पाठ करून सावलीत धरतात. मागची उष्णता टोकाकडे यायला लागते आणि लोखंडावर रंग सरकताना दिसतात. आधी गवतासारखा पिवळट, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. मामांना हवा तो रंग टोकाशी आला की सगळंच पाण्यात. चुर्र असा आवाज, वाफ, आणि झालं. आमच्या डोंगरासाठी ते पिवळट सरून तांबूस लागला की बुडवतात. केजकडच्या काळ्या रानात जाणाऱ्या कुदळीला वेगळा रंग. हे विचारल्यावर सांगितलं, एरवी सांगत नाहीत.

त्यांनी केलेला पहिला टिकाव मी चार महिने रोज नाही पण दर आठवड्याला वापरला, तेव्हा कुठं टोक काढायला आणला. दांड्यासकट साडेपाचशे रुपये पडला होता. टोक काढायचे चाळीस घेतात. तयार टिकाव यापेक्षा दीडशे-दोनशेनं स्वस्त मिळेल, पण महिन्याला बाद होईल. हिशेब ज्याचा त्यानं करावा.

आता वजनाचं. आमच्यात बाया निम्म्याहून जास्त आहेत. सुरुवातीला त्या घमेली उचलायच्या आणि पुरुष टिकाव मारायचे. असं सगळीकडेच होतं, म्हणून कुणी बोललं नाही. मला स्वतःला ते खटकत होतं, कारण घमेलं उचलून रविवार संपतो, पण घरी जाताना "हा चर मी खणला" असं म्हणता येत नाही. मी मामांना विचारलं की हलका टिकाव होतो का? त्यांनी मला ऐरणीपुढं उभं केलं, जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंत दोरी धरून गाठ मारली, आणि आठ दिवसांनी दीड किलोचं पातं, त्याला माझ्या मापाचा धावड्याच्या लाकडाचा दांडा, असा टिकाव दिला. माझी उंची पाच फूट एक इंच. त्या टिकावानं मी पुरुषाएवढं खणत नाही, पण दोन तास न थांबता खणते आणि सोमवारी ड्यूटीवर तिकिटाचं मशीन धरताना खांदा भरून आलेला नसतो. महिन्याभरात असे सहा टिकाव झाले. सिव्हिलमधल्या दोन सिस्टर, एक अंगणवाडीच्या ताई, प्राणीशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम, या सगळ्या आजही येतात. ज्या वर्षी त्या नुसती घमेली उचलत होत्या, त्या वर्षी त्यांच्याबरोबरच्या नऊ बाया गळाल्या होत्या. मला याहून दुसरा पुरावा नको.

दुकानाची आणखी एक सोय अशी की आमची सगळी हत्यारं तिथंच राहतात. शेडच्या मागं जुनी पत्र्याची पेटी आहे, किल्ली चौकटीवर. भाडं घेत नाहीत. आम्ही दिवाळीला मामींना साडी देतो, तेवढंच. या सोयीमुळं बुधवारची तुकडी होऊ शकली. एसटीत, दवाखान्यात, दुकानात काम करणाऱ्याला रविवार सुट्टी असतेच असं नाही. आधी ज्याचा रविवार चुकला तो महिनाभर चुकायचा, आणि महिनाभर चुकला की त्याला परत यायची लाज वाटायची. आता बुधवारी पहाटे दोन जण असोत की चार, पेटी उघडून टिकाव घेतात, वर जातात, दोन तासांनी आणून ठेवतात. कुणाची परवानगी नको.

आणि ठिपके. हे मामांनी आपणहून केलं. पेटीत हत्यारं एकसारखी दिसतात, अदलाबदल होते, मग ज्याचा दांडा दुसऱ्याच्या हाती गेला तो कुरकुरतो. म्हणून त्यांनी प्रत्येक टिकावाच्या नेढ्याशेजारी, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाशेजारी, छन्नीनं ठिपके पाडले. एक ठिपका मास्तरांचा, दोन सिस्टरचे, माझे तीन. पुढं पुढं ठिपके पुरेनात, तेव्हा आडवी रेघ, फुली असं सुरू झालं. मला तेव्हा ही नुसती ओळखीची खूण वाटली होती.

2019 च्या फेब्रुवारीत मी टोकं काढायला हत्यारं पेटीतून काढून दिली. मामांनी पाच ठिपक्यांचा टिकाव बाजूला ठेवला. "ह्याचं टोक झिजलंच न्हाई. गेल्या खेपंला काढलं तसंच हाय. कोण हाय हे? येत न्हाईत का?" पाच ठिपके म्हणजे आमच्यातले एक निवृत्त तलाठी काका. आम्हाला वाटलं होतं की ते बुधवारी येत असतील. बुधवारच्या लोकांना वाटलं होतं रविवारी येत असतील. त्याच संध्याकाळी मी आणि मास्तर त्यांच्या घरी गेलो. काकूंना अर्धांगाचा झटका येऊन दीड महिना झाला होता, काका एकटे सगळं करत होते, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरांतून आळीपाळीनं डबा सुरू झाला. काका डोंगरावर पुन्हा आले ते आठ महिन्यांनी. पेटीतून आपला टिकाव काढला, नेढ्यावरून बोट फिरवलं, ठिपके मोजल्यासारखं केलं आणि काही न बोलता चालायला लागले. काकू गेल्या वर्षी वारल्या. काका आजही येतात, आता नुसती आळी करतात, खुरप्यानं. खुरप्यालाही मामांनी पाच ठिपके दिलेत.

त्या दिवसापासून आमच्यात रीतच पडली. टोकं काढायला दिली की मामा सांगतात कुठलं हत्यार झिजलं नाही, आणि त्या माणसाकडे कुणीतरी जातं. का आला नाहीस, असं विचारायला नव्हे. नुसतं बसायला, चहा प्यायला.

आमच्या मॅडमनी एकदा वर चहाच्या वेळी सांगितलं होतं की अमेरिकेत 2001 साली रायन, कॅपलान आणि ग्रीस या तिघा अभ्यासकांनी निसर्गसंवर्धनाचं काम वर्षानुवर्षं करणाऱ्या स्वयंसेवकांना हाच प्रश्न विचारला होता. लोक येतात ते निसर्गाला हातभार लावावा म्हणून, काही शिकावं म्हणून. पण टिकून राहण्याशी सोबतच्या माणसांचं आणि काम नीट आखलेलं असण्याचं नातं मोठं निघालं. अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, हे तर लोहारमामालाही माहीत आहे. खरंच आहे ते. तिकडचा डोंगर वेगळा, माणसं वेगळी, पण पहाटे आलेल्या माणसाला आपलं काम तयार आहे का आणि आपण नसलो तर कुणाला कळतं का, हे दोन्हीकडे लागतंच.

काम तयार असणं म्हणजे काय, हे आम्हाला जेसीबीनं शिकवलं. एका सज्जन गृहस्थांनी दोन दिवसांचं डिझेल दिलं. आम्ही वर्षभरात जेवढे चर काढले असते तेवढे मशीननं दोन दिवसांत ओढले. 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल, सरळ रेषेत. पुढच्या रविवारी बावीस माणसं आली आणि करायला काही नव्हतं. आम्ही काठावर उभे राहून चर बघितले आणि खाली आलो. त्याच्या पुढच्या रविवारी नऊ आले. पहिल्या मोठ्या पावसात कळलं की दोन ठिकाणी चर समपातळीत नव्हते. पाणी एका टोकाला धावलं आणि बांध फुटला. ए-फ्रेम, म्हणजे समपातळी बघायची A अक्षरासारखी चौकट लावून, दोरीला बांधलेला दगड मधल्या खुणेवर येतो का ते बघत बघत हातानं काम केलं असतं तर चार पावलांवरच चूक कळली असती. मशीन वाईट असं मी म्हणत नाही. गावाच्या शिवारात, जिथं पावसाआधी शेकडो एकर करायचं असतं, तिथं मशीन लागणारच. पण आमच्यासारख्या गटानं आपल्या माणसांचं काम मशीनला देऊन टाकू नये. ते फुटके बांध आम्ही पाच महिने हातानं दुरुस्त केले, आणि माणसं परत आली.

एका पावसाळ्यातल्या वृक्षारोपणाबद्दल न लिहिलेलंच बरं, पण लिहिते. मोठा कार्यक्रम होता, मांडव होता. आमच्या लोकांना खड्डे खणायला बोलावलं आणि रोपं लावायला पाहुण्यांना. काही रोपं पिशवीसकट खड्ड्यात गेली. संध्याकाळी आम्ही परत जाऊन पिशव्या फाडून रोपं नीट लावली. त्या दिवशी आमचे तीन जण कायमचे गेले. त्यातला एक मला म्हणाला, "ताई, खणायला नाही कंटाळलो, पण मला फोटोतला मजूर केलं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर आम्ही ठरवलं की ज्यानं खड्डा खणला त्यानंच रोप लावायचं आणि पुढची दोन वर्षं त्यानंच पाणी घालायचं. करंज, कडुनिंब, बोर, आपटा, पळस, सीताफळ. सीताफळ तर बालाघाटाचं घरचंच झाड आहे, शेळी तोंड लावत नाही, पाणी मागत नाही. आमच्यात पुष्कळांनी पहिलं झाड जगलेलं बघितलं ते सीताफळाचंच, आणि पहिलं झाड जगलं की माणूस दुसऱ्यासाठी येतोच.

हत्यारंसुद्धा हंगामाप्रमाणं बदलतात, आणि दुकानाचा उपयोग तिथंही होतो. पावसाळ्यानंतर कुसळी गवत कमरेएवढं वाढतं आणि पायमोजे भरून कुसळं घरी येतात. माघ-फाल्गुनात हेच गवत पेटतं. एका बिडीनं तीन वर्षांची झाडं तासाभरात जातात, आम्ही हे एकदा भोगलंय. म्हणून डिसेंबरपासून विळ्यानं गवत कापून जाळपट्टे मोकळे करायचे. मामांचे विळे बारीक दात्यांचे आहेत, गवत ओढावं लागत नाही. पक्षी सप्ताहात, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, आम्ही खणत नाही. मॅडम चंडोल, वेडा राघू, सातभाई दाखवतात आणि आम्ही नुसते बसतो. तोही आठवडा कामाचाच धरतो.

आता अर्धा गुण कशाचा कापला ते. मृगाच्या तोंडावर, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, तिथं जाऊ नका. शेतकऱ्यांच्या पासा, फाळ, खुरपी यांची रांग लागलेली असते आणि मामा त्यांनाच आधी घेतात. तेच बरोबर आहे, पण तुमचं काम पंधरा दिवस लांबेल. फोन उचलत नाहीत, कारण घणापुढं ऐकूच येत नाही. बसायला जागा नाही, धूर डोळ्यांत जातो, दम्याच्या माणसानं बाहेर कडुनिंबाखालीच उभं राहावं. ऑनलाइन पैसे चालतात, मुलानं कोड चिकटवून दिलाय. मुलगा स्वतः ग्रिल-वेल्डिंगच्या कामाला लागला आहे, भट्टीवर बसत नाही. मामांनंतर या दुकानाचं काय, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

पण गुण कापला तो दांड्यांसाठी. गेल्या वर्षी घाई केली आणि मामांनी पाच टिकावांना ओल्या बाभळीचे दांडे घातले. महिन्याभरात लाकूड सुकून आटलं आणि पाती हलायला लागली. आम्ही रात्री नेढ्याची बाजू पाण्यात बुडवून ठेवायचो, सकाळी घट्ट, नऊ वाजेपर्यंत पुन्हा ढिली. ज्या गटात एका पोराच्या नडगीला टाके पडलेत, तिथं हलणारं पातं कुणाच्या हातात देणं मला सहन होत नाही. मी स्पष्ट बोलले. मामांनी मान खाली घालून ऐकलं, पाचही दांडे बदलून दिले आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाले, धावडा मिळंना झालाय, म्हणून बाभूळ घातली.

त्यातून एक गोष्ट घडली. अमावस्येला मामांचं दुकान बंद असतं, भट्टी पेटवत नाहीत. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी कॅलेंडर बघून निघावं. त्याच वर्षीच्या आषाढी अमावस्येला सकाळी मी एकटी वर गेले होते, तर मामा-मामी आधीच वर. मामींच्या डोक्यावर पाटी, पाटीत धावड्याची रोपं. बी टाकून बघितलं होतं म्हणे, पण धावड्याचं बी फार कमी उगवतं, म्हणून रोपवाटिकेतून अकरा रोपं आणली. "आमच्या हयातीत दांडा निघनार न्हाई ह्यातून," मामा म्हणाले, "पन लावून तर ठिवू." चराच्या खालच्या अंगाला, उकरलेल्या मातीच्या बांधावर आम्ही तिघांनी ती लावली. आता दर अमावस्येला ती दोघं वर येतात. मामा बोलत नाहीत, मामी रोपांशी बोलतात. अकरातली आठ जगली आहेत, गुडघ्याएवढी झाली आहेत. मॅडमनी रजिस्टरमध्ये मामा-मामींची नावं लिहून घेतली तेव्हा मामींनी विचारलं की आमचे ठिपके किती? मामांनी घरी जाऊन स्वतःच्या कुदळीवर एक आडवी रेघ मारली.

गेल्या सोमवारी मी परत दुकानात गेले होते. या वर्षी कॉलेजच्या चार नव्या मुली येतात, त्यांच्यासाठी हलके टिकाव सांगितले होते. मामांनी मुलींना आधीच बोलावून दोरीनं माप घेतलं होतं, त्या चार दोऱ्या गाठी मारून खिळ्याला टांगलेल्या होत्या. पाती तयार होती, टोकांवर तांबूस रंग होता. तीन टिकाव दिले. चौथ्याचा दांडा हातात घेऊन नखानं दाबून बघितला, कानाशी नेऊन बोटानं टिचकी मारली, आणि बाजूला ठेवला.

"ह्यो आजून वला हाय. धा दिस उनात ऱ्हाऊ द्या, मंग न्या."

मी म्हणाले, रविवारी ती पोरगी काय वापरेल?

मामी भट्टीपाशी बसल्या होत्या. पेटीकडे हात करून म्हणाल्या, "तवर तिला तुमचा द्या, तीन ठिपक्याचा. तिची उंची तुमच्याएवढीच हाय."